तो/ती जन्मालाच आली नसती तर? : मालिकांमधले 'नसतेपणाचे' भाग

उंटावरची_शहाणी

(धाग्यात रहस्यभेदांचा सडा आहे. 'डार्क' ही जर्मन मालिका बघायची राहिली असेल तर इथूनच परत फिरा, मग भांडायला येऊ नका.)

मुख्य पात्र वैतागतं आणि म्हणतं, "मी नसतोच तर बरं झालं असतं." लगेच कुठूनतरी देवदूत, राक्षस नाहीतर पाठीला चिकटणारा किडा उगवतो. मग भाग संपेपर्यंत सेट तेच, नट तेच, फक्त सगळ्यांचे केस वेगळे. हा प्रकार मला अतोनात आवडतो आणि यातले बरेचसे भाग भिकार असतात हेही मान्य आहे.

बघताना मी एकच गोष्ट तपासते. ज्याला नाहीसं केलं त्याची जागा रिकामी राहिली, की दुसऱ्या कुणी घेतली? रिकामी ठेवणं सोपं. नायक नाही, सबब खलनायक जिंकला, गावाची धूळधाण झाली, चला घरी. जागा भरली गेली की मात्र गोष्ट अवघड होते, कारण आता नायकाला परत आणायचं तर कुणालातरी तिथून उठवावं लागतं.

नमुना पहिला : स्टार ट्रेकच्या अ‍ॅनिमेटेड मालिकेतला 'यस्टरइयर' (१९७३, लेखिका डी. सी. फाँटाना). भूतकाळात फेरी मारून स्पॉक परत येतो, तर कप्तान कर्क सोडून जहाजावर त्याला कुणी ओळखतच नाही. स्पॉक लहानपणीच मेला अशी नोंद आहे आणि त्याच्या हुद्द्यावर थेलिन नावाचा अँडोरियन अधिकारी काम करतो. तो दुष्ट नाही, कामचुकार नाही, त्याचं काही चुकलेलंही नाही. इतिहास दुरुस्त झाला की आपण या जहाजावर नसू हे कळूनसुद्धा तो स्पॉकशी सभ्यपणे वागतो. लहान मुलांच्या वेळेत लागणारं कार्टून होतं हे!

नमुना दुसरा : 'द सारा जेन अ‍ॅडव्हेंचर्स'मधला 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू सारा जेन?' (२००७). एका सकाळी सारा जेन गायब. तिच्या घरात अँड्रिया नावाची हसतमुख बाई राहते आणि ती कायमच तिथे होती असं सगळे म्हणतात. खरं तर १९६४ साली, तेरा वर्षांची असताना, ती धक्क्यावरून समुद्रात पडून मेली होती. सारा जेन तिची मैत्रीण, तेव्हा तिथेच होती. काळाशी खेळणाऱ्या ट्रिक्स्टरने ऐन मरणाच्या क्षणी अँड्रियाला विचारलं, तुझ्याऐवजी ती चालेल? पोर घाबरून हो म्हणाली. आता सांगा, तिला खलनायिका म्हणणार का?

तुमच्या आवडीचे, नावडीचे भाग सांगा. का ते सांगा. नुसत्या याद्या नकोत.

अर्धा_डाव

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

निशाचर

मस्त धागा. थोडी वंशावळ सांगतो, कारण ती मूळ गोष्टीइतकीच गमतीची आहे.

मूळ पुरुष अर्थातच 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६, दिग्दर्शक फ्रँक काप्रा). त्याच्याही मागे फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न यांची 'द ग्रेटेस्ट गिफ्ट' ही छोटी कथा. ती कुणी छापेना, तेव्हा स्टर्न यांनी १९४३ च्या नाताळात स्वतःच २०० प्रती छापून ओळखीच्यांना शुभेच्छापत्रासारख्या पाठवल्या. त्यातली एक फिरत फिरत सिनेमावाल्यांपर्यंत पोचली.

सिनेमाला ऑस्करची पाच नामांकनं मिळाली, पण तिकीटबारीवर त्याने निराशाच केली. खरी गंमत पुढे. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्क २८ वर्षांचा असे आणि नंतर नूतनीकरण करावं लागे. १९७४ मध्ये ते करायचं राहून गेलं. मग काय, टीव्ही केंद्रांना फुकटात सिनेमा मिळाला! दर नाताळात, एकाच दिवशी अनेक वाहिन्यांवर, परत परत. एक अख्खी पिढी तो बघत मोठी झाली आणि त्यातलेच काही पुढे मालिका लिहायला लागले.

पुढचे सन बघा. १९७७ मध्ये मार्लो थॉमसला घेऊन नायकाची नायिका केलेला टीव्हीपट. १९७९ मध्ये 'मॉर्क अँड मिंडी'. १९८६ मध्ये 'मूनलायटिंग'. १९८९ मध्ये 'मॅरीड... विथ चिल्ड्रन'. १९९१ मध्ये 'डॅलस'. एका कारकुनी हलगर्जीपणातून टीव्हीवर अख्खा प्रकार रुजला. ते नूतनीकरण वेळेवर झालं असतं तर हा धागा असता का, हा खरा नसतेपणाचा भाग.

रिमोट_कुणाकडे

निशाचर, क्या बात है.

'मॅरीड... विथ चिल्ड्रन'चा विषय निघालाच आहे तर सांगतेच. भागाचं नाव 'इट्स अ बंडीफुल लाइफ'. अल बंडी हा चपलांच्या दुकानातला त्रासलेला बाप. देवदूताच्या भूमिकेत सॅम किनिसन, म्हणजे बोलण्यापेक्षा किंचाळणंच जास्त. तो अलला दाखवतो की तू नसतास तर काय झालं असतं. तर काय, बायको प्रेमळ, घर नीटनेटकं, मुलं गुणी! सगळे सुखात. ते बघून अलचं पित्त खवळतं. माझ्याशिवाय हे एवढे सुखी? मग मला जगायलाच हवं. आणि तो परत येतो, केवळ त्यांना छळायला.

शहाणीबाई, तुमच्या कसोटीत हा कुठे बसतो? जागा भरली गेली आहे, झकास भरली गेली आहे, आणि तरी हा गडी भरलेल्या ताटावरून लोकांना उठवतोय.

खवचट_काका

मला हा प्रकारच मुळात दांभिक वाटतो. प्रत्येक वेळी संदेश एकच : तू नसतास तर जग बुडालं असतं. अहो, कुणाच्या नसण्याने जग बुडतं? काप्राच्या सिनेमातसुद्धा नायक जॉर्ज बेली नाही म्हणून गावाचं पॉटर्सव्हिल होतं. म्हणजे काय, तर रोषणाई, नाचगाणी, दारूचे गुत्ते. खरं सांगा, मूळ गावापेक्षा तिथे संध्याकाळ बरी गेली असती की नाही? आणि जॉर्ज नाही म्हणून त्याच्या बायकोवर, बिचाऱ्या मेरीवर कोसळलेली महाभयंकर आपत्ती कोणती? ती ग्रंथालयात काम करते आणि चष्मा लावते! त्या प्रसंगाचं संगीत तर असं की जणू खून झालाय.

एक भाग दाखवा, ज्यात नायक नाहीसा होतो आणि कुणाचं काहीही अडत नाही. तो खरा.

वाचनमात्र

सहसा लिहीत नाही, पण काकांच्या मेरीबद्दलच्या मुद्द्याला अनुमोदन आणि बाकी प्रतिसादाला सपशेल विरोध.

जॉर्ज पुलावर उभा असतो तो रुसून नव्हे. त्याच्या काकाने आठ हजार डॉलर हरवलेत, तुरुंग समोर दिसतोय, खिशात फक्त विम्याची पॉलिसी आहे आणि तू जिवंत असण्यापेक्षा मेलेला जास्त किमतीचा आहेस असं गावच्या गब्बर पॉटरने तोंडावर ऐकवलंय. तो माणूस जीव द्यायला आलेला आहे. म्हणून त्याला जे दाखवतात ते कौतुक नाही, हिशोब आहे. नऊ वर्षांचा धाकटा भाऊ हॅरी बर्फाखाली गेला, जॉर्जने त्याला ओढून काढलं, त्यात स्वतःचा एक कान कायमचा गमावला. पुढे युद्धात त्या हॅरीने जहाजभर सैनिक वाचवले. जॉर्ज नाही, तर हॅरी नाही, तर ते सैनिकही नाहीत. तीन पायऱ्या, तिन्ही आपण आधी पाहिलेल्या. 'तू महान आहेस' असं त्यात कुणी म्हणत नाही. एका संध्याकाळी तू तिथे होतास, एवढंच.

मालिकांनी नेमकं हेच काढून टाकलं. अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेत पूल आणि नदी परवडत नाही. मग पात्राला कुणीतरी टाकून बोलतं, वाढदिवस विसरतं, आणि ते गाल फुगवून म्हणतं, मी नसतोच तर बरं. जीव नकोसा झालेल्या माणसाला द्यायचं उत्तर रुसलेल्या माणसाला दिलं की ते दांभिक वाटणारच. दोष त्या उत्तराचा नाही.

चिंगी

वाचनमात्र +१००

याच कारणासाठी 'द फेअरली ऑडपेरेंट्स'मधला 'इट्स अ विशफुल लाइफ' मला आजही खुपतो. टिमी सगळ्यांसाठी काही ना काही चांगलं करतो, कुणीच दखल घेत नाही, तो म्हणतो मी जन्मलोच नसतो तर. मग त्याला दाखवतात की तो नसता तर आईबाप, मित्र, सगळ्यांचं उलट भलंच झालं असतं! शेवटी म्हणे ही परीक्षा होती. बंडीच्या भागात हे हसू आणतं, कारण अल बंडी आडदांड प्रौढ माणूस आहे आणि त्याला काडीचाही फरक पडत नाही. इथे समोर दहा वर्षांचं पोर आहे आणि बघणारीही तेवढीच पोरं. काका, तुम्हाला हवा होता तो भाग घ्या. कसा वाटतो?

खवचट_काका

हा नको. मी 'अडत नाही' म्हणालो, 'बरं होतं' नाही. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

पटकथेचा_किडा

सगळे 'टर्न लेफ्ट'ची वाट बघतायत असं दिसतंय, तर मीच सुरुवात करतो.

'डॉक्टर हू', २१ जून २००८, लेखक रसेल टी डेव्हिस. डोना नोबल एका चौकात डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळते. एवढंच. त्यामुळे ती मालिकेच्या काळप्रवासी नायकाला, डॉक्टरला, भेटत नाही, त्याला वेळेवर थांबवणारं कुणी नसतं आणि तो थेम्सच्या खाली मरतो. पुढे आधीच्या भागांमधली एकेक संकटं तशीच येत राहतात, फक्त आता ती थोपवायला कुणी नाही. 'टायटॅनिक' नावाचं अंतराळयान बकिंगहॅम राजवाड्यावर कोसळतं, लंडन बेचिराख होतं, डोनाचं कुटुंब निर्वासित म्हणून लीड्सला जातं आणि एका घरात अनेक कुटुंबं कोंबली जातात.

शहाणीबाई, इथे जागा रिकामीच राहते, तरी हा भाग सोपा नाही. कारण तो राक्षसांवर थांबत नाही. त्याच घरात राहणारा कोलासांतो हा दिलखुलास इटालियन माणूस, सगळ्यांना हसवणारा. एक दिवस लष्करी गाडी येते आणि तो सहकुटुंब निघतो. कामाच्या छावणीत चाललोय म्हणतो. डोनाला कळत नाही, पण तिच्या म्हाताऱ्या आजोबांना, विल्फला कळतं, कारण त्याने मागचं युद्ध पाहिलेलं आहे. विल्फ झालेल्या बर्नार्ड क्रिबिन्सचा त्या क्षणीचा चेहरा बघा. परग्रहवासी कुठेही नाहीत. माणसांनीच माणसांचं काय केलं असतं, एवढंच.

आता पडद्यामागचं. त्या हंगामात वेळ कमी आणि भाग जास्त, त्यामुळे दोन भागांचं चित्रीकरण एकाच वेळी चालायचं. डेव्हिड टेनंट (डॉक्टर) 'मिडनाइट' करत होता आणि कॅथरीन टेट (डोना) 'टर्न लेफ्ट'. म्हणून 'मिडनाइट'मध्ये डोना नावापुरती आणि 'टर्न लेफ्ट'मध्ये डॉक्टर नावापुरता. नायक मोकळा नाही म्हणून नायकाशिवायचं जग लिहिलं गेलं! अडचणीतून एवढी चांगली गोष्ट काढणाऱ्या लेखकाला माझा दंडवत.

उंटावरची_शहाणी

किडा, कोलासांतोचा प्रसंग माझ्याही डोक्यात होता. पण तुम्हीच माझी बाजू मांडलीत की! डॉक्टरची जागा रिकामी नाही राहिली, ती सरकारने भरली. संकटात लोकांना 'आता पुढे काय' ते सांगणारं कुणीतरी लागतं. एरवी ते डॉक्टर सांगतो, इथे बंदूकवाले सांगतात.

रिमोट, बंडीचा भाग माझ्या कसोटीत उत्तम बसतो. परत येण्याची किंमत दुसऱ्यांनी मोजायची आणि नायकाला त्याचं सोयरसुतक नाही, हे इतकं स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या मालिकेने कबूल केलंय?

निशाचर

'डॅलस' राहिलंच. शेवटचा भाग, 'कनन्ड्रम', ३ मे १९९१. मालिकेचा खलनायक जे. आर. ईविंग हातात पिस्तूल घेऊन घरात एकटा. ज्योएल ग्रे हा अ‍ॅडम म्हणून येतो आणि त्याला त्याच्याशिवायचं जग दाखवतो. इथे हिशोब खरंच मिश्र आहे. भाऊ बॉबी कर्जबाजारी जुगारी झालेला, पण एकेकाळची बायको सू एलन यशस्वी अभिनेत्री. आणि क्लिफ बार्न्स, जे. आर. ज्याला जन्मभर धोबीपछाड देत आला तो, चक्क अमेरिकेचा अध्यक्ष! जे. आर.ला सगळ्यात जास्त झोंबतं ते बहुधा हेच.

जागासुद्धा भरलेली आहे. जे. आर. नाही तर आईबापांना जेसन नावाचा दुसरा मुलगा आहे, आणि तो भावांना आणखी बेमालूम लुबाडतो. शेवटी कळतं की अ‍ॅडम देवदूत नव्हेच, सैतानाच्या पक्षाचा आहे. गोळीचा आवाज, बॉबी धावत येतो, दाराशी थबकतो, मालिका समाप्त. प्रेक्षकांना १९९६ च्या टीव्हीपटापर्यंत ताटकळावं लागलं, तेव्हा कळलं की गोळी आरशाला लागली होती.

(अवांतर : याच मालिकेने १९८६ मध्ये अख्खा एक हंगाम बॉबीच्या बायकोचं, पॅमचं स्वप्न म्हणून पुसून टाकला होता. माणूस काय, वर्षच जन्मलं नाही!)

पण माझा स्वतःचा लाडका रक्तपिपासूंच्या शिकारणीच्या 'बफी'मधला 'द विश' (डिसेंबर १९९८). कॉर्डेलिया चिडून इच्छा करते की बफी या गावात आलीच नसती तर. अन्यांका नावाची राक्षसीण ती पुरी करते. बफी जगात आहे, पण क्लीव्हलंडला, आणि सनीडेल गावावर रक्तपिपासूंच्या म्होरक्याचं, मास्टरचं राज्य.

यात दोन गोष्टी अफलातून आहेत. एक म्हणजे साक्षीदार. या प्रकारात कुणालातरी दोन्ही जगं आठवावी लागतात, नाहीतर तुलना करणार कोण? जॉर्जला आठवतं, स्पॉकला आठवतं, सारा जेनच्या भागात शेजारच्या मारियाला आठवतं. इथे ते आठवणारी एकटी कॉर्डेलिया, आणि तिला अर्ध्या भागातच मारून टाकलंय! पुढे दोन्ही जगं माहीत असलेले आपणच उरतो. शेवटी बफीचा गुरू जाइल्स अन्यांकाचा ताईत फोडतो तो निव्वळ विश्वासावर, दुसरं जग बरं असेल या भरवशावर. कुणीही काहीही शिकत नाही.

दुसरी गोष्ट : शेवटाकडे बफी येते. ओठावर व्रण, थंड, कुणाशी धड बोलत नाही. बफीवाचून गावाचं काय झालं हे आपण बघत होतो. आता कळतं की त्या मित्रांवाचून बफीचं काय झालं असतं. काका, दांभिकपणाचा आरोप इथे टिकत नाही. अडलंय ते दोन्ही बाजूंनी.

खवचट_काका

'द विश' मान्य. माझी हरकत तिथपुरती मागे.

अर्धा_डाव

रुमाल उचलतो.

'कम्युनिटी'मधला 'रिमीडियल केऑस थिअरी' (१३ ऑक्टोबर २०११) इथे चालेल का? तांत्रिकदृष्ट्या कुणी नाहीसं होत नाही. सात मित्र, पिझ्झा आलाय, खाली जाऊन कोण आणणार? जेफ फासा टाकतो. ज्याचा नंबर लागेल तो काही मिनिटं खोलीबाहेर. मग तीच काही मिनिटं पुन्हा पुन्हा, दर वेळी एकेक जण वजा करून.

ट्रॉय बाहेर गेला की खोलीला आग लागते, पिअर्सला गोळी लागते, सगळं नरकात जातं. आणि जेफ बाहेर गेला की? सगळे मस्त नाचतात. कारण ब्रिटा गाणं सुरू करते तेव्हा दर वेळी तिला गप्प करणारा जेफच असतो. गंमत म्हणजे फासा सहा बाजूंचा आणि माणसं सात. जेफने स्वतःला मोजलंच नव्हतं! म्हणजे पुढाऱ्याला वाटत होतं आपल्यामुळे मंडळी एकत्र आहेत. आणि ज्याला सगळे बालिश समजतात तो ट्रॉय खरा आधार निघाला.

जन्म पुसायची गरजच नाही. पाच मिनिटं बाहेर पाठवा, कळतं.

उंटावरची_शहाणी

चालेल म्हणजे काय, धावेल! काका, यात जेफवाचून कुणाचंही अडत नाही. उलट संध्याकाळ सुधारते. पण तेवढ्याने जेफ वाईट माणूस ठरत नाही.

चिंगी

प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला)

पटकथेचा_किडा

काकांना 'कुणाचंच काही अडत नाही' हवं होतं ना? मग त्यांनी 'द ट्वायलाइट झोन'चा 'अँड व्हेन द स्काय वॉज ओपन्ड' (डिसेंबर १९५९) बघावा. तीन अंतराळवीर परत येतात. एक जण दारूच्या गुत्त्यातून घरी फोन करतो, तर आईवडील म्हणतात आम्हाला मुलगाच नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच नाही. तिघांचा उल्लेख असलेल्या बातमीत आता दोघेच. तो आठवणारा एकच मित्र उरतो, मग तोही जातो. शेवटी ज्या खोलीत यान ठेवलं होतं तीही मोकळी. गाव तसंच, बार तसाच, दवाखाना तसाच. काही बुडत नाही. देवदूत नाही, शिकवण नाही. मी तो रात्री एकट्याने बघितला आणि झोपेचं खोबरं झालं.

खवचट_काका

बघितला. मागणी मागे घेतो. पॉटर्सव्हिल परवडलं.

रिमोट_कुणाकडे

आता 'डार्क'. इतका वेळ दम धरला होता.

शेवटचा हंगाम, जून २०२०. योनास आणि मार्था मूळ जगात जाऊन टानहाउस या घड्याळजीच्या मुलाचा अपघात टाळतात. मग त्याला काळाचं यंत्र बनवायचं कारणच उरत नाही, आणि त्या यंत्रामुळे जन्मलेली दोन्ही जगं विरून जातात. नायक-नायिका स्वतःच्या हाताने स्वतःला पुसतात. तीन हंगाम आपण ज्यांच्यासाठी वंशवृक्ष काढत बसलो त्यांतले बहुतेक कधी जन्मलेच नाहीत.

मग जेवणाचं टेबल. रेगिना, कातारिना, पीटर, बेन्नी, वोलर आणि गरोदर हाना. ज्यांचं मूळ त्या गुंत्यात नव्हतं तेवढेच. रेगिना ठणठणीत, हसतेय. उलरिक नाही, शार्लोट नाही, आणि टेबलावरच्या कुणालाही काही कमी वाटत नाही.

शहाणीबाई, तुमची कसोटी लावा बघू.

उंटावरची_शहाणी

लावली. भरलेली आहे! हानाने जन्मभर उलरिकचा ध्यास घेतला आणि वाटेत येणाऱ्यांची आयुष्यं नासवली. इथे उलरिक नाहीच, तर तीच बाई वोलरसोबत सुखात बसलीय. पीटर आणि बेन्नी चोरून भेटायचे, इथे उघडपणे शेजारी बसलेत. फक्त आता उठवायचं कुणाला, हा प्रश्न उलटा झालाय. बाकी सगळ्या भागांत नायक परत येतो आणि दुसरे उठतात. इथे नायकच उठून गेलेत आणि त्यांना परत बोलवावंसं आपल्यालाही वाटत नाही. निदान मला नाही वाटलं.

वाचनमात्र

मला वाटलं. मार्थासाठी.

निशाचर

पण साक्षीदार? हानाला काहीतरी पुसटसं जाणवतं, बाळाचं नाव योनास ठेवावं असं सुचतं. मला ती सवलत वाटली. 'द विश'सारखं पक्कं बंद करायला हवं होतं.

अर्धा_डाव

तुमचं सगळं मान्य, पण लेखकांनी एक गोष्ट कुठल्याही जगात बदलू दिली नाही. वोलरच्या एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या जगात डोळा शाबूत तर हात गायब. मूळ जगात त्या जेवणाच्या टेबलावर तो अखेर सांगायला तोंड उघडतो की डोळ्याला काय झालं, आणि नेमके दिवे जातात. दोन जगं पुसली, पण ते काही कळलं नाही!